अंगण खरोखरच वाकडे असते तेव्हा

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण हरलेल्याची थट्टा करण्यासाठी आपल्याकडे सर्रास वापरली जाते. अंगण सरळच असते, दोष असतो तो नाचणाऱ्याच्या पायांत, असे तिने गृहीत धरलेले आहे. गावगाड्यात ही म्हण कोणी कोणाला ऐकवली असेल याचा विचार केला, म्हणजे तिच्यातले शहाणपण थोडे संशयास्पद वाटू लागते. कारण अंगण ज्याचे असते त्याला ते नेहमी सरळच दिसते. जागतिक फुटबॉल स्पर्धेच्या निकालांवरून दर चार वर्षांनी जे वाद रंगतात, त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. यजमान देश जिंकला, तर तो स्वतःच्या गुणांवर जिंकला की घरच्या मैदानावर? आणि घरच्या मैदानाचा फायदा म्हणजे नेमके काय? प्रेक्षकांचे प्रेम, पंचांची मेहेरनजर, की उघडउघड लबाडी?

भारताचा संघ या स्पर्धेच्या मुख्य फेरीत कधीही खेळलेला नाही. १९५० साली इतर देशांनी माघार घेतल्यामुळे ब्राझीलला जाण्याची संधी चालून आली होती; तीही आपण घेतली नाही. तरीही कोलकात्याच्या गल्ल्यांत, मलबारच्या गावांत आणि गोव्याच्या तिठ्यांवर या स्पर्धेच्या काळात माणसे रात्र रात्र भांडत असतात. आपल्या देशाचा ज्यात सुतराम संबंध नाही अशा निकालांवरून भांडणाऱ्या या माणसांना हसणे सोपे आहे. काही कार्यकर्ते तर ही सारी जनतेला चारलेली अफू म्हणून एका वाक्यात विषय संपवतात. हा उथळपणा आहे. नियम सर्वांना सारखे होते काय, निवाडा करणारा खरोखर तटस्थ होता काय आणि ज्याला फळ मिळाले त्याने ते कमावले होते काय, हेच प्रश्न फुटबॉलचा शौकीन विचारत असतो. शेतमालाच्या भावाविषयी किंवा कामगार न्यायालयाच्या निवाड्याविषयी आपण याहून वेगळे काय विचारतो? शौकिनाचा प्रश्न चुकीचा नाही. त्याचे उत्तर मात्र बहुधा चुकते, आणि ते कसे चुकते हे पाहण्यासारखे आहे.

या वादात सामान्यतः दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, गोल हे गोल असतात. बाकी सारी हरलेल्यांची रडकथा. दुसरा म्हणतो, सामना आधीच विकला गेला होता, पंचाने पैसे खाल्ले होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे या न्यायाने माणसे सोयीप्रमाणे या पक्षातून त्या पक्षात जातात, हे वेगळे. परंतु दोन्ही पक्षांची एक समजूत समान आहे, आणि तीच खोटी आहे. अन्याय झाला असेल तर तो कोणा दुष्टाने हेतुपुरस्सर केलेला असला पाहिजे, आणि असा दुष्ट सापडला नाही तर अन्याय झालाच नाही, असे दोघेही धरून चालतात.

प्रथम आकडे पाहू. १९३० ते २०२२ या काळात या स्पर्धा २२ वेळा झाल्या आणि त्यांपैकी सहा वेळा यजमान देश विजेता ठरला: १९३० साली उरुग्वे, १९३४ साली इटली, १९६६ साली इंग्लंड, १९७४ साली पश्चिम जर्मनी, १९७८ साली अर्जेंटिना आणि १९९८ साली फ्रान्स. हे प्रमाण मोठे आहे. पण एवढ्यावरून घाईने निष्कर्ष काढता येणार नाही. उरुग्वेने १९२४ आणि १९२८ ची ऑलिंपिक सुवर्णपदके आधीच जिंकलेली होती. पश्चिम जर्मनी १९७२ पासून युरोपचा विजेता होता. हे संघ परक्या मैदानावरही जिंकले असते, असा युक्तिवाद करता येतो. म्हणून बलवानांपेक्षा दुबळ्या यजमानांकडे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. चिली १९६२ साली स्वतःच्या देशात तिसरा आला. त्या उंचीवर तो पुन्हा कधी पोहोचला नाही. मेक्सिकोने २०२२ पर्यंत फक्त दोनदा अखेरच्या आठांत प्रवेश केला, १९७० साली आणि १९८६ साली. दोन्ही वेळा तो यजमान होता. दक्षिण कोरियाने २००२ पूर्वी पाच स्पर्धांत मिळून एकही सामना जिंकला नव्हता. २००२ साली जपानबरोबर यजमानपद भूषवताना तो उपांत्य फेरीत गेला. इतक्या वेळा घडणाऱ्या गोष्टीला केवळ योगायोग म्हणणे कठीण आहे.

मग या फायद्यात आहे तरी काय? पहिली गोष्ट म्हणजे यजमानाला पात्रता-सामने खेळावे लागत नाहीत. दार त्याच्यासाठी उघडेच असते. दुसरी सोडतीची. गट पाडताना यजमानाला प्रबळ संघांच्या रांगेत बसवण्याचा प्रघात पडला आहे. २०२२ साली कतारचे नाव ब्राझील, फ्रान्स आणि अर्जेंटिनाच्याच पात्रात टाकले गेले, त्यामुळे साखळीत त्या तिघांशी त्याची गाठ पडणे शक्यच नव्हते. तिसरी प्रवासाची. १९६६ साली इंग्लंड आपले सहाही सामने लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर खेळला. इतर संघ या गावाहून त्या गावाला जात होते. चौथी हवेची. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून अधिक उंचीवर आहे, आणि तिथल्या विरळ हवेत धावण्याची सवय पाहुण्यांना पंधरा दिवसांत होत नाही. यांपैकी एकाही गोष्टीत लाच नाही. सारे नियमांच्या पुस्तकात आणि स्पर्धेच्या कार्यक्रमपत्रिकेत उजळ माथ्याने छापलेले असते.

छापलेल्या पक्षपाताचे सर्वांत बोलके उदाहरण १९७८ चे आहे. अर्जेंटिनात १९७६ च्या मार्चमध्ये लष्कराने सत्ता बळकावली होती. मानवी हक्क संघटनांच्या हिशेबाप्रमाणे त्या राजवटीने ३०,००० माणसे नाहीशी केली. ब्यूनस आयर्सचे ज्या मैदानावर अंतिम सामना झाला, तिथून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर नौदलाच्या यांत्रिकी विद्यालयाची इमारत आहे. त्या इमारतीत कैद्यांचा छळ चालू होता आणि मैदानावरचा जल्लोष त्यांच्या कानांवर पडत होता, असे त्यातून वाचलेल्यांनी पुढे सांगितले. अशा देशात २१ जून रोजी रोझारिओ येथे अर्जेंटिना आणि पेरू यांची गाठ पडली. ब्राझीलचा पोलंडशी सामना त्याच दिवशी आधी संपला होता. ब्राझील ३-१ असा जिंकला होता. तेव्हा अंतिम फेरी गाठण्यासाठी पेरूला किमान चार गोलांच्या फरकाने हरवावे लागेल, हे मैदानात उतरण्यापूर्वीच अर्जेंटिनाला ठाऊक होते. निकाल लागला ६-०. लष्करशहा विदेला सामन्यापूर्वी पेरूच्या खेळाडूंच्या खोलीत जाऊन आला होता, पेरूचा गोलरक्षक जन्माने रोझारिओचाच होता, पडद्याआड गव्हाचा सौदा झाला होता, अशा अनेक गोष्टी तेव्हापासून सांगितल्या जातात. काही खऱ्या आहेत, काही सिद्ध झालेल्या नाहीत. ब्राझीलचे शौकीन आणि अर्जेंटिनाचे शौकीन आजही त्यांवरूनच भांडतात.

पण या भांडणात एक साधी गोष्ट नजरेआड होते. गव्हाचा सौदा झाला असो वा नसो, यजमानांचे साखळी सामने संध्याकाळी, इतर संघांचे संपल्यानंतर ठेवलेले होते. प्रतिस्पर्ध्याची उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर आपल्या विद्यार्थ्याला परीक्षेला बसवावे, तसा हा प्रकार. तो कोणी लपवला नव्हता. वेळापत्रक जगजाहीर होते आणि स्पर्धा सुरू होण्यापूर्वी त्यावर कोणी रान उठवले नाही. सौद्याचा पुरावा शोधण्यात पिढ्या गेल्या. वेळापत्रकाचा पुरावा मात्र सर्वांच्या खिशात होता.

या दोषाचे निवारण कसे झाले, तेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. ते अर्जेंटिनामुळे झाले नाही. १९८२ साली स्पेनमध्ये अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ असे हरवून साऱ्यांना चकित केले होते. पण अल्जीरियाचा शेवटचा साखळी सामना आदल्या दिवशी आटोपला आणि दुसऱ्या दिवशी गिहोन येथे पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रिया खेळले. जर्मनी एका गोलाने जिंकला तर दोघेही पुढे जाणार आणि अल्जीरिया बाहेर पडणार, असा हिशेब होता. दहाव्या मिनिटाला जर्मनीने गोल केला. उरलेला वेळ दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडे ढकलत राहिले. अल्जीरियाची तक्रार फेटाळली गेली, कारण नियम कोणीच मोडला नव्हता. मात्र १९८६ पासून गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू करण्याचा नियम झाला. अल्जीरियाला त्याचा काही लाभ झाला नाही. पण त्यानंतरच्या प्रत्येक दुबळ्या संघाला झाला.

आता पंचांकडे वळू, कारण शौकिनांचा खरा राग तिथे असतो. २००२ साली दक्षिण कोरियाने आधी इटलीला आणि मग स्पेनला बाहेर काढले. इटलीविरुद्धच्या सामन्याचे पंच इक्वेडोरचे बायरन मोरेनो होते. त्यांनी तोत्ती या इटालियन खेळाडूला मैदानाबाहेर काढले आणि जादा वेळात कोरियाने निर्णायक गोल केला. स्पेनविरुद्ध इजिप्तच्या पंचांच्या कारकीर्दीत स्पेनचे दोन गोल अमान्य झाले. त्यांपैकी एकदा चेंडू रेषेबाहेर गेल्याचे लाइनमनने ठरवले होते, आणि चित्रफितीत तो आतच दिसत होता. अखेर पेनल्टींवर कोरिया जिंकला. २०१० साली मोरेनो न्यूयॉर्कच्या विमानतळावर अमली पदार्थांसह पकडले गेले, तेव्हा इटलीच्या शौकिनांना आठ वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याचा जणू कबुलीजबाबच मिळाला. तर्कशास्त्राच्या दृष्टीने याला काही अर्थ नाही. २०१० च्या गुन्ह्याने २००२ चा गुन्हा सिद्ध होत नाही. शिवाय इक्वेडोर आणि इजिप्त अशा ‘किरकोळ’ देशांचे पंच मोठ्या सामन्यांना लावलेच का, असा जो सूर तेव्हा युरोपात निघाला, त्यात न्यायबुद्धीपेक्षा तुच्छता अधिक होती. १९६६ च्या उपान्त्यपूर्व फेरीत अर्जेंटिनाच्या कर्णधाराला जर्मन पंचाने बाहेर काढले आणि उरुग्वेच्या दोघांना इंग्लिश पंचाने. त्या सामन्यांतून अनुक्रमे इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी पुढे गेले. दक्षिण अमेरिकेने तेव्हा कटाची शंका घेतली, तर युरोपने ती हसण्यावारी नेली होती.

पंच विकला जात नसेल, तर तो झुकतो कसा? या प्रश्नावर गेल्या काही दशकांत बरेच गंभीर संशोधन झाले आहे. इंग्लंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चाळीस पात्रताधारक पंचांना एकाच सामन्यातले तेच प्रसंग दाखवण्यात आले. काहींना प्रेक्षकांच्या आरोळ्यांसह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाचे अपराध सुमारे १५ टक्क्यांनी कमी धरले. या पंचांना कोणी पैसे दिले नव्हते. ते मैदानात नव्हते, खोलीत बसले होते. गारिकानो, पालासिओस-वेर्ता आणि प्रेन्डरगास्ट या अर्थशास्त्रज्ञांनी स्पॅनिश लीगचे सामने तपासले, तेव्हा यजमान संघ एका गोलाने मागे असला की पंच अखेरची वाढीव मिनिटे अधिक देतात आणि तो एका गोलाने पुढे असला की कमी देतात, असे आढळले. मग २०२० साली कोरोनाच्या साथीने असा प्रयोग करून दाखवला, की जो कोणत्याही संशोधकाला करता आला नसता. युरोपातली मैदाने महिनोन्‌महिने रिकामी होती. गवत तेच, खेळाडू तेच, घर तेच; फक्त माणसे नव्हती. घरच्या संघांचा वरचश्मा लगेच ओसरला, आणि पाहुण्यांना पिवळी कार्डे अधिक मिळण्याची जी जुनी रीत होती तीही बरीच पुसली गेली.

याचा अर्थ असा की पंच प्रामाणिक असूनही निर्णय पक्षपाती होऊ शकतो. पन्नास हजार माणसे एका बाजूने ओरडत असतात तेव्हा शंकेचा फायदा कोणाला द्यायचा हे मन आपोआप ठरवते, आणि आपण तटस्थ आहोत असे त्या मनाला शेवटपर्यंत वाटत राहते. पक्षाच्या कार्यकर्त्याला हे नवीन वाटू नये. तहसील कचेरीत बागायतदाराला खुर्ची मिळते आणि कुळाला उंबऱ्याबाहेर ताटकळावे लागते, यासाठी दर वेळी लाच द्यावी लागत नाही. कारखान्याच्या चौकशीत व्यवस्थापकाचा शब्द हा पुरावा ठरतो आणि बदली कामगाराचा शब्द ही तक्रार ठरते, त्यासाठीही कोणाला विकत घ्यावे लागत नाही. भ्रष्टाचाराविरुद्धच्या मोहिमा आवश्यकच आहेत. परंतु चार लाचखाऊ पकडले म्हणजे व्यवस्था निःपक्ष झाली, हा भ्रम त्या मोहिमांतून पसरतो; आणि ज्यांच्या बाजूने अंगण कललेले आहे, त्यांना तो हवाच असतो.

क्रिकेटच्या उदाहरणाने हे मराठी वाचकाला अधिक लवकर पटेल. कसोटी सामन्यांत यजमान देशाचेच दोन्ही पंच असण्याची प्रथा शतकभर चालली, आणि प्रत्येक पाहुणा संघ परत जाताना यजमान पंचांच्या नावाने बोटे मोडत असे. १९८६ साली लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्या सामन्यात भारताचे व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर हे पंच उभे राहिले. पाकिस्तानच्या भूमीवर भारतीय पंच! पुढे १९९४ पासून एक आणि २००२ पासून दोन्ही पंच त्रयस्थ देशांचे नेमण्याचा नियम झाला. जुने पंच सारे चोर होते असे कोणी सिद्ध केले नाही. तसे करण्याची गरजही पडली नाही.

अर्थात घरचे मैदान हे नेहमी वरदान असते असेही नाही. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना मैदानावर जवळजवळ दोन लाख माणसे ब्राझीलचा विजयोत्सव पाहायला आली होती. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरणार होती, आणि पहिला गोलही त्यानेच केला. मग उरुग्वेने दोन केले. ती सारी गर्दी गप्प झाली. पराभवाचे खापर ज्याच्यावर फोडले गेले तो गोलरक्षक बार्बोसा कृष्णवर्णीय होता, आणि २००० साली मृत्यू येईपर्यंत त्याची त्यातून सुटका झाली नाही. घरच्या गर्दीला बळी लागतो तेव्हा तो घरातल्या कोणत्या माणसाचा निवडला जातो, याचेही एक समाजशास्त्र आहे.

ब्राझीलमध्ये पुन्हा स्पर्धा भरली ती २०१४ साली. तोवर देशात बरेच काही बदलले होते. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये साव पावलोतील बसभाडे २० सेंतावोंनी वाढवल्याचे निमित्त झाले आणि लाखो माणसे रस्त्यावर उतरली. मैदाने जागतिक दर्जाची बांधता, मग रुग्णालये आणि शाळा का नाहीत, असे ती विचारत होती. माराकानात उभ्याने सामना पाहण्याची जी स्वस्त जागा गरिबांची म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखली जात होती, ती २००५ सालीच बंद करण्यात आली होती. ८ जुलै २०१४ रोजी बेलो ओरिझोन्ते येथे जर्मनीने ब्राझीलला ७-१ असे चिरडले; त्यांतले पाच गोल पहिल्या अर्ध्या तासातच झाले. १९७५ पासून ब्राझीलने स्वतःच्या भूमीवर एकही स्पर्धात्मक सामना गमावला नव्हता. स्वस्त जागा गेल्या म्हणून संघ हरला असे म्हणणे हास्यास्पद होईल. जर्मनीचा खेळच तसा होता. पण ‘घरचे मैदान’ या शब्दप्रयोगातले घर कोणाचे, हा प्रश्न त्या वर्षी ब्राझीलच्या रस्त्यांवर ज्या स्पष्टपणे विचारला गेला, तसा पूर्वी क्वचितच विचारला गेला असेल.

आणि यजमानपद मिळते कोणाला? १९३० ते २०२२ च्या २२ स्पर्धांपैकी ११ युरोपात झाल्या, आठ अमेरिका खंडांत, दोन आशियात आणि एक, फक्त एक, आफ्रिकेत. ती २०१० साली. म्हणजे घरच्या मैदानाचा जो काही फायदा आहे, तो ऐंशी वर्षे आफ्रिकेच्या वाट्याला आलाच नाही. आला तेव्हा दक्षिण आफ्रिका साखळीतच बाद होणारा पहिला यजमान ठरला, आणि त्यावर पुष्कळांनी नाके मुरडली. फ्रान्सला त्याने हरवले होते, हे तितक्या आवर्जून सांगितले गेले नाही. साठ वर्षे मागे गेले तर चित्र याहून विदारक होते. १९६६ च्या स्पर्धेतल्या १६ जागांपैकी दहा युरोपकडे होत्या. आफ्रिकेच्या विजेत्याने मात्र आशियाच्या विजेत्याशी पुन्हा झुंजून एका जागेसाठी नशीब आजमावावे, असे ठरले होते. घानाच्या पुढाकाराने आफ्रिकी देशांनी त्या स्पर्धेवर बहिष्कार घातला. १९७० पासून आफ्रिकेला एक थेट जागा मिळाली. विनंतीअर्जांनी ती मिळाली नव्हती.

त्या बहिष्कारामुळे जी जागा रिकामी राहिली तिच्यातून इंग्लंडला पोहोचला तो उत्तर कोरिया. ब्रिटनची त्या देशाला मान्यता नव्हती. अवघ्या तेरा वर्षांपूर्वी ब्रिटिश सैनिक त्याच्याशी लढले होते, आणि खेळाडूंना प्रवेश द्यावा की नाही याचाच खल सरकारदरबारी झाला होता. या संघाचे सामने मिडल्सबरो या ईशान्येकडच्या शहरात ठेवण्यात आले. पोलादाच्या आणि रसायनांच्या कारखान्यांचे हे शहर. स्थानिक क्लबचा पोशाख लाल, या पाहुण्यांचाही लाल. पहिल्या सामन्यात ते सोव्हिएत संघाकडून हरले, दुसऱ्यात चिलीशी त्यांनी बरोबरी साधली, आणि १९ जुलै रोजी पाक डू-इकच्या गोलाने त्यांनी इटलीला चक्क घरी पाठवले. तोवर मिडल्सबरोच्या कामगारांनी त्यांना आपला संघ करून टाकले होते. पुढचा सामना लिव्हरपूलला पोर्तुगालशी होता. तिथेही मिडल्सबरोचे लोक त्यांच्यामागोमाग गेले. तीन गोलांची आघाडी घेऊन कोरिया अखेर ५-३ असा हरला, कारण युसेबिओने एकट्याने चार गोल केले. उत्तर कोरियाच्या राजवटीविषयी लोकशाही समाजवाद्यांनी कसलाही भ्रम बाळगू नये. मिडल्सबरोच्या कामगारांनाही तो असल्याचे दिसत नाही. त्यांना समोर दिसले ते लहान चणीचे, जिद्दीने धावणारे, कोणाचाही पाठिंबा नसलेले अकरा तरुण, आणि त्यांना घर देण्याची ताकद आपल्या गळ्यात आहे हे त्यांनी ओळखले.

कतारमध्ये २०२२ साली याचीच दुसरी बाजू दिसली. यजमान संघ तिन्ही सामने हरला; उद्घाटनाच्या सामन्यात तर खेळ संपण्याच्या आतच घरच्या प्रेक्षकांच्या अनेक रांगा रिकाम्या झाल्या होत्या. घरचे मैदान तिथे होते, पण ते मोरोक्कोचे होते. साऱ्या अरब जगतातून आलेल्या माणसांनी त्या संघाला डोक्यावर घेतले आणि स्पेन व पोर्तुगाल यांना हरवून तो उपांत्य फेरी गाठणारा पहिला आफ्रिकी संघ ठरला. अर्जेंटिनाच्या सामन्यांना निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सदऱ्यांत जी गर्दी दिसे, तिच्यात केरळ आणि बांगलादेशातून मजुरीसाठी आलेल्या माणसांची संख्या थोडीथोडकी नव्हती.

ज्या मैदानावर ही माणसे बसली होती ते त्यांच्याच बांधवांनी उभारले होते. कतारच्या श्रमशक्तीत दहांतले नऊहून अधिक कामगार परदेशी आहेत. २०१० साली यजमानपद मिळाल्यापासूनच्या दहा वर्षांत भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान व श्रीलंका या पाच देशांचे ६,५०० हून अधिक कामगार तिथे मृत्यू पावले, असे लंडनच्या ‘गार्डियन’ने २०२१ साली प्रसिद्ध केले. हे सारे मैदानांच्या बांधकामावरचे मृत्यू नव्हते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण मग नेमके किती होते? आयोजकांनी मैदानांच्या कामावर अपघाताने तीनच मृत्यू झाल्याचे वर्षानुवर्षे सांगितले, आणि स्पर्धा चालू असताना त्यांच्याच प्रमुखाने मुलाखतीत स्पर्धेशी निगडित कामांवर ४०० ते ५०० असा आकडा बोलून दाखवला. तरुण, धडधाकट माणसांच्या मृत्युपत्रांवर ‘नैसर्गिक कारण’ असे लिहून शवचिकित्सा न करताच शव गावी पाठवायचे, ही जिथे रीत होती, तिथे खरा आकडा कधी कळणारही नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनांच्या दडपणाखाली काही सुधारणा झाल्या, हेही नमूद केले पाहिजे. मालकाच्या परवानगीवाचून नोकरी बदलता येऊ लागली. २०२१ च्या मार्चपासून १,००० रियालचे किमान वेतन लागू झाले. संघटना बांधण्याचा हक्क मात्र या कामगारांना मिळाला नाही.

पुढचे ठरून गेले आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये एकाच बैठकीत २०३० आणि २०३४ ची यजमानपदे देण्यात आली. २०३० ची स्पर्धा मोरोक्को, स्पेन व पोर्तुगाल यांना मिळाली, आणि सुरुवातीचा एकेक सामना उरुग्वे, अर्जेंटिना व पॅराग्वे यांना. सहाही देशांना दार उघडे. २०३४ ची सौदी अरेबियाला मिळाली. तिच्यासाठी दुसरा उमेदवारच नव्हता, आणि मतपेटीऐवजी टाळ्यांच्या गजरात निर्णय झाला. शौकिनांचे वाद सुरू होतील ते २०३४ साली, सोडतीवरून आणि पंचांवरून. मैदानांची कामे त्याआधी पुष्कळ वर्षे चालतील.

सौदी अरेबियात कामगार संघटनेला कायद्याने मज्जाव आहे. तिथे भारतीय कामगारांची संख्या लाखांत आहे आणि मुंबई हे आखाती भरतीचे जुने केंद्र आहे. रत्नागिरीचे, मलप्पुरमचे, बिहारच्या सिवानचे सुतार, गवंडी आणि सळई बांधणारे पिढ्यान्‌पिढ्या याच शहरातल्या कचेऱ्यांतून गेले आहेत. १९८३ चा उत्प्रवासन कायदा त्यांच्या संरक्षणासाठी झाला होता. त्याची अंमलबजावणी दलालांच्या सोयीने होत आली आहे. कराराची प्रत कामगाराच्या भाषेत असावी. भरतीचा खर्च मालकाने सोसावा. परदेशात मरण पावलेल्या प्रत्येक कामगाराची शवचिकित्सा होऊन तिचा अहवाल कुटुंबाच्या हाती पडावा. आणि बांधकामाच्या तपासणीत भारतीय कामगार संघटनांच्या प्रतिनिधींना प्रवेश असावा. या चार अटी सौदी सरकारपुढे ठेवण्यासाठी भारत सरकारला भाग पाडायचे असेल तर त्याची वेळ मैदानांचे पाये घातले जात असतानाची आहे. मध्यवर्ती कामगार संघटनांनी आपसांतले हेवेदावे बाजूला ठेवून या एका प्रश्नावर संयुक्त निवेदन तयार करावे, आणि महाराष्ट्र व केरळ येथील खासदारांनी ते संसदेच्या येत्या अधिवेशनातच मांडावे.